अक्का, फाटकाला कुलूप लागलंय

अक्का, तुमच्या मागे दारावर, दुखवट्याला बसायला आलेल्या बायका म्हणाल्या, "अक्का किती शांत होत्या, कधी कोणाला उलट बोलल्या नाहीत." तेव्हा मला पदर तोंडात कोंबावा लागला. त्यांना वाटलं मी रडते आहे. शेजारच्या शेवंतानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कानाशी येऊन म्हणाली, "वयनी, हसू नको, दिसी राह्यनं." मग तीही पदरात तोंड घालून बसली. आम्हा दोघींचं दुःख बघून आणखी चारजणी रडल्या. तुम्ही असतात तर भिंतीशी बसल्या बसल्या विचारलं असतंत, "कोन मरनं वं? कोनबद्दल बोली राह्यन्यात या?"

तेरावं काल पार पडलं. खीर पातळ झाली होती, पण कोणी नाव ठेवलं नाही. नाव ठेवणारं माणूसच उरलं नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगते. गोऱ्यांच्या बागेच्या फाटकाला कुलूप लागलंय. तुम्हाला नेलं त्याच आठवड्यात लागलं. म्हणजे पुरुषांना मोकळीक आहे, त्यांना किल्ली मिळते. कुलूप आहे ते दुपारचं, म्हणजे आपल्या बायकांच्या वेळेचं. बायका म्हणतात, "अक्का गेल्या, आता तुम्ही बोला. तुम्हाला चार बुकं येतात." उद्या दुपारी फाटकावर जायचं ठरलंय. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसती मान हलवली. ती उभी हलली की आडवी, ते ज्या त्या बाईनं आपल्या सोयीनं पाहिलं.

म्हणून लिहायला बसले. तुमच्यासमोर मी कधी धड बोलले नाही, कारण तुमच्यासमोर बोलायला जागाच नसायची. आता जागा पुष्कळ आहे.

आठवतं का, मी भडगावाकडून लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा? गिरणेच्या काठावर वाढलेली मी, आणि इथं घर म्हणजे गल्लीत दोन खोल्या. अंगण नाही, वर बसायला मातीचं माळद नाही. हे सकाळी जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायला गेले की भिंती आणि मी. पुरुषांना देवळाचा ओटा होता, चहाचं दुकान होतं, पांझरेचा काठ होता. बायकांना नळ आणि चूल. तुम्ही नवरा वारल्यावर भावाकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, येऊन राहिलेल्या. घरातली सगळी तुम्हाला भीत. मी तर तुमच्या पावलांच्या आवाजालाही भीत होते. एक दिवस दुपारी तुम्ही म्हणालात, "चाल वं पोरी, हवा खावाले." आणि मला थेट कबरस्तानात नेलंत.

मी फाटकाशीच रडायला लागले. म्हटलं, सासरच्यांनी मला टाकायला आणलं. तुम्ही माझ्या दंडाला धरून आत ओढलंत आणि म्हणालात, "गोरासना भुतं शेतस, घाबरू नको. साहेब लोक आधी चिठ्ठी धाडल्याबिगर कोन्हाले भेटतस का? मंग त्यास्ना भुतं कसे भेटतीन?"

हे मला पटलं. अजूनही पटतं.

आत गेले तर बागच. कडुनिंब, चिंचा, विहीर, खाली कापलेलं गवत. गोऱ्यांची पलटण धुळ्यात होती तेव्हाच्या, आजेसासऱ्यांच्याही आधीच्या कबरी. पलटण गेली, कोणी नवीन पुरायला येईना. राखण करणारे रहीमचाचा फाटकाशी खोली करून राहायचे. मेलेली माणसं काही मागत नाहीत म्हणून त्यांनी जिवंतांची सोय लावली होती. चिंचेखाली म्हातारे झोपायचे, भिंतीशी न्हावी बसायचा, पोरं पंख असलेल्या दगडी बाईच्या अंगावर चढायची. आणि दुपारी आपण बायका. प्रत्येकीचा आपला दगड ठरलेला. एकीच्या दगडावर दुसरी बसली तर आठ दिवस अबोला.

तुमचा दगड 'कप्तान'. त्याच्यावरची अक्षरं इंग्रजी, ती मलाही येत नव्हती. पण तो कप्तानच होता हे तुम्ही ठरवलंत, कारण दगड सगळ्यांत लांब-रुंद होता आणि तुम्ही शिपायावर बसणाऱ्यातल्या नव्हेत. तो आंबे खाऊन मेला, असंही तुम्हीच ठरवलंत. "गोरा मानूस, नवा नवा उना. आंबा देखना, खाधा. आखो खाधा. हागवणमां गया." मी एकदा हळूच म्हटलं, "तापानं गेला असेल." केवढा राग आला तुम्हाला! जसा काही तो तुमचा सासरा. त्यावर आपलं किती वर्षं भांडण चाललं. मी म्हणायची, आंब्याच्या दिवसांत इथं ऊन किती असतं, तापच. तुम्ही म्हणायच्या, तू त्याला पाहिलं होतंस का? जणू तुम्ही पाहिला होता. पुढं पाद्रीसाहेबांशी ओळख झाली तेव्हा मी म्हटलं, त्यांनाच विचारू, दगडावर लिहिलेलं असेल. तुम्ही माझा हात दाबलात. "इचारू नको. खरं समजनं ते मंग काय बोलसूत?"

त्या पाद्रीसाहेबांची गोष्ट मला उद्यासाठी आठवायची आहे. तेव्हाही असंच कुलूप लागलं होतं, आणि ते तुमच्या बिबड्यांमुळे, ज्वारीच्या त्या पापडांमुळे, लागलं होतं.

बिबडे वाळवायला आपल्या गल्लीत ऊन कुठलं? दोन्ही बाजूंच्या घरांनी ते वाटून घेतलेलं. म्हणून दर वर्षी फाल्गुन लागला की ज्वारी भिजवून, कांडून, तीळ-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि पातेलं फडक्याखाली झाकून गोऱ्यांच्या बागेत न्यायचं. दगड सपाट, तापलेले, स्वच्छ. ओलं धोतर अंथरून त्यावर बिबडे थापले की संध्याकाळी खडखडीत. घरी सांगायचं, शेवंताच्या माहेरच्या गच्चीवर वाळवले. शेवंताच्या माहेराला गच्ची नव्हती. पण विचारणार कोण? तिचं माहेर पांझरेपलीकडे.

त्या वर्षी धोतर सासऱ्यांना लग्नाला नेसून जायचं होतं. घाटा तर शिजलेला. तुम्ही म्हणालात, "धोतर नई ते काय व्हयनं? दगडले तेलना हात लाव." आणि थेट कप्तानावर थापले. पन्नासेक तरी असतील, पातळ, गोल, एकापेक्षा एक देखणे. तुम्ही स्वतःवर खूश होऊन जिनातल्या हेडबाबूंच्या घरी त्यातले चांगले चांगले निवडून पाठवलेत. ह्यांना बढती मिळावी म्हणून.

हेडबाबू इंग्रजी शिकलेले. त्यांनी एक बिबडा तोडून खाल्ला, दुसरा उचलला आणि त्यांना त्यावर काही उठलेलं दिसलं. दगडातली खोदलेली अक्षरं बिबड्यावर फुगून आली होती, उलटी. त्यांनी तो आरशासमोर धरला. मग म्हणे ते ओरडले नाहीत, बोलले नाहीत, चूळ भरायला गेले ते अंघोळ करूनच आले. पुढं कळलं, बिबड्यावर लिहिलेलं होतं, 'ह्या ठिकाणी विसावा घेत आहे.' कोण विसावा घेत आहे, ते नाव त्यांनी आधीच खाल्लं होतं.

गल्लीत बोभाटा झाला. विटाळ विटाळ म्हणून सगळे आपल्या दारात आले. तुम्ही कमरेवर हात ठेवून ओट्यावर उभ्या. "गये वरीसना खाधा त्याना काय करशात? काढीसन देतस का परत?" त्यावर एकेक दार लागत गेलं. आपल्या बिबड्यांना नाही म्हणणारं घर त्या गल्लीत नव्हतंच.

पण हेडबाबू तो दुसरा बिबडा रुमालात बांधून पाद्रीसाहेबांकडे घेऊन गेले. बागेची मालकी त्यांच्या देवळाकडे होती. दुसऱ्या दिवशी रहीमचाचा फाटकावर कुलूप घेऊन उभे. डोळे पुसत म्हणाले, "अक्का, मैं क्या करूं, साहब का हुकुम है."

तुम्ही तिथूनच वळलात. माझा हात धरलेलाच होता. "चाल पाद्रीकडे." मी म्हटलं, "मी कशाला?" तर म्हणालात, "तो पुस्तकना मराठी बोलस. माले समजत नई. तू चौथी शिकेल शे, तू सांग."

अक्का, त्या दिवशीइतकी मी आयुष्यात घामेजले नाही. आपण दाराशी उभ्या. साहेब टेबलापाशी बसलेले, समोर रुमालावर बिबडा. ते जुन्या पोथीसारखं मराठी बोलायचे. म्हणाले, "बायांनो, जे प्रभूच्या ठायीं निजले आहेत, त्यांजवर तुम्ही खाद्यपदार्थ कां वाळवितां?"

मी तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्याले सांग, तुन्हा मानसं इतला वरीस उन्हामां पडेल शेतस, कोन्ही उनं का पुसाले?"

मी खाली बघून म्हटलं, "साहेब, अक्का म्हणतात, आम्ही त्यांची विचारपूस करतो."

"अस्सं?" साहेब म्हणाले आणि त्यांनी बिबड्याचा कोपरा मोडून तोंडात टाकला. त्यांच्या लक्षातही आलं नसावं. म्हणाले, "परंतु कुलूप लावणें मला प्राप्त आहे."

तुम्ही पुढं झालात. "इचार त्याले, हाई फाटक तुन्हा बापनं शे का?"

"अक्का नम्रपणे विचारतात, फाटक कोणाच्या मालकीचं आहे."

"परमेश्वराच्या."

परमेश्वर तुम्हाला समजला. माझी वाट न पाहता म्हणालात, "मंग कुलूप त्यानी लायं का तू लायं?"

हे कसं फिरवावं मला सुचेना. मी म्हटलं, "अक्का विचारतात, कुलूपसुद्धा त्यांनीच लावलं का?" साहेब आणखी एक तुकडा खाऊन हसायला लागले. पुरावा निम्मा संपला होता. मग ते गंभीर झाले आणि विचारलं, इतकी जागा असताना मेलेल्यांवरच का बसता?

तुम्ही कमरेवरचा हात खाली घेतलात. मग हळू म्हणालात, "घरमां जठे बसो तठेथून कोन्ही तरी ऊठ म्हनस. मरेल मानूस ऊठ म्हनत नई."

ते मी जसंच्या तसं सांगितलं. त्यात काही कमी केलं नाही, घातलं नाही.

साहेबांनी उरलेला बिबडा खाली ठेवला. आपण इतका वेळ उभ्याच होतो हे त्यांना तेव्हा दिसलं असावं. ते स्वतः उठले, दोन खुर्च्या ओढून आणल्या आणि म्हणाले, "बसा." मी टोकावर टेकले. तुम्ही खुर्चीकडे बघून खाली जमिनीवर मांडी घातलीत, ती किल्ली मिळेपर्यंत.

परत येताना तुम्ही म्हणालात, "मी इतल्या शिव्या दिन्यात, आन तो हासे. तू मन्ही बठ्ठी मिरची काढी टाकी वं." मला वाटलं आता मार बसतो. तर तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. लागली ती. पण बढती मलाच मिळाली, ह्यांना नाही.

एक गोष्ट आपण कधीच बोललो नाही. माझं पहिलं लेकरू गेलं तेव्हाची. पुरुषांनी त्याला फडक्यात गुंडाळून नदीकडे नेलं. कुठं ठेवलं, हे आईनं विचारायची आपल्यात रीत नाही. मी विचारलं नाही. घरात सगळे म्हणाले, लहान होतं, रडू नये, पुढचं वाईट होतं. मला सुतक संपल्यावर तुम्ही बागेत नेलंत, पण नेहमीच्या जागी नाही. मागच्या भिंतीशी एक हातभर लांबीचा दगड होता, त्यावर कोरलेलं कोकरू. तुम्ही मला तिथं बसवलंत. "हाई बी कोन्हं तरी शेच. रड आते." आणि वाटेवर माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिलात. कोणी तिकडे आलं की हाकलायच्या. न्हाव्यालाही हाकललंत, तो बिचारा विहिरीवर पाणी आणायला निघाला होता. मला तुमची नुसती पाठ दिसत होती. त्या दुपारपासून मी तुमच्या पावलांना भ्यायचं सोडलं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

म्हणून तर ते फाटक, अक्का. शेवंताला वाटतं, ती दुपारच्या गप्पांची जागा आहे. आहेच. पण प्रत्येकीचं तिथं काहीतरी असं आहे, जे घरात ठेवायला कोपरा नाही.

आता पाद्रीसाहेब मायदेशी गेले. साहेबांचं राज्यच जाणार म्हणतात. बाग गावातल्या कमिटीकडे आली आहे, आणि कमिटीचे वकीलसाहेब म्हणजे आपलेच, शुद्ध बोलणारे. त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. पाद्रीसाहेबांपुढे निदान तुमचे शब्द होते, मला ते फक्त निवडायचे होते, तांदळासारखे. आता तांदूळच नाहीत.

काल इथवर लिहून ठेवलं. आज जाऊन आले. घाईत लिहिते आहे म्हणून अक्षर असं आलंय. तुम्हाला तसंही वाचता येत नव्हतं.

आठ-नऊजणी होतो. फाटकाच्या गजांतून आत चारजण बाकावर बसलेले दिसत होते. एक मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत होता, बाकीचे झोपले होते. वकीलसाहेब किल्ली घेऊन आले. चांगलं बोलले, रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच कठीण झालं. म्हणाले, "ताई, साहेबांना आपल्या रीती काय ठाऊक? आता कारभार आपल्या लोकांकडे आला. कबरस्तान म्हणजे स्मशानच ते. आपल्याकडे बाईमाणूस स्मशानात जात नाही. मोठ्यांनी काही विचार करूनच ठरवलं असेल ना?"

ते खरंच होतं. मीही तुमच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंतच आले होते, अक्का. तिथून पुरुष पुढं गेले आणि आम्हाला म्हणाले, आता फिरा मागे.

शेवंतानं कोपर मारलं. इतक्या जोरात मारलं की तोंडातून आवाज निघाला, आणि निघालाच आहे तर म्हटलं, "साहेब, आमच्या अक्कांना ओळखत होतात?"

"म्हणजे काय! खांदा दिलाय मी त्यांना."

"कुठवर दिलात?"

"कुठवर म्हणजे? पांझरेवर. स्मशानापर्यंत."

"मग त्या बाईमाणूस नव्हत्या का?"

आतला वर्तमानपत्रवाला वाचायचा थांबला. माझं तोंड थांबेना. म्हटलं, "मेल्यावर आम्हाला नेताच ना तुम्ही? तेव्हा कोणी रीत काढत नाही. मग जिवंतपणी घटकाभर आमच्या पायांनी येऊन बसलो तर तुमचं काय जातं? उलट खांदे दुखायचे नाहीत."

बाकावरचा एक म्हातारा, झोपला होता असं वाटलं होतं तो, खो खो करून हसला. वकीलसाहेब म्हणाले, "तसं नव्हे..." आणि पुन्हा म्हणाले, "तसं नव्हे..." पण कसं, ते त्यांना सापडेना. तेवढ्यात रहीमचाचा पुढं आले. किती म्हातारे झालेत ते. अगदी अदबीनं म्हणाले, "वकीलसाहब, चाबी मुझे दो. ये ताला जरा जाम रहता है, आपसे नहीं खुलेगा." वकीलसाहेबांनी किल्ली दिली. त्यांनाही बरं वाटलं असावं. जाता जाता म्हणाले, "पण वाळवण नको हं."

शेवंता म्हणाली, "आते कोठे वाळवनना महिना शे? मंगनं मंग देखूत."

आत गेलो. कडुनिंबाची पानं पडून गवत पिवळं झालं होतं. मी वळून म्हटलं, "बघितलंत ना?" आणि तिथं कोणी नव्हतं. बाकीच्यांना वाटलं मी त्यांनाच म्हणते आहे. सगळ्या एकदम म्हणाल्या, "बघितलं, बघितलं." तेवढ्यानं निभावलं.

संध्याकाळी ह्यांच्या कानावर आलंच. जिनातून येऊन टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "वकिलाशी कोण बोललं म्हणे?"

"मी."

"तू?" म्हणाले आणि अडकवलेली टोपी काढून पुन्हा अडकवायला लागले. मग म्हणाले, "जेवायला वाढ," पण स्वतःच पाट घेतला.

आत्ता थोड्या वेळापूर्वी शेवंता तिघीचौघींना घेऊन आली होती. नळाला पाणी अर्धा तासच येतं, त्याचं कोणीतरी कमिटीत जाऊन बोलायला हवं, असं म्हणत सगळ्या माझ्याकडे बघत बसल्या. अक्का, मी 'मला नाही जमायचं' असं म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "किती वाजता निघायचं?"